भुलाबाईचा खाऊ

शेंगदाणे भाजल्याचा वास आला की अजूनही मला ती संध्याकाळ आठवते.

खूप वर्षं झाली. भुलाबाईच्या दिवसांत, पोरी महिनाभर रोज संध्याकाळी देवीची गाणी म्हणतात तेव्हा, मी साक्रीहून जळगावला लेकीकडे गेले होते. नऊ वर्षांची नात जुई आणि धाकटा ओम टिपऱ्या वाजवत, गात घरभर नाचायचे. मला त्यांची तोंडं हलताना दिसायची, गाणं मात्र भिंतीपलीकडून आल्यासारखं यायचं. हे लेकीला कळलं तर ती मला साक्रीत एकटीला राहू देणार नाही, या धास्तीनं मी प्रत्येक बोलण्याला नुसती मान हलवत होते.

संध्याकाळी गाणी संपली आणि डब्याच्या आवाजावरून आतला खाऊ ओळखायची वेळ आली. जुईनं बंद डबा माझ्या कानाशी आणून खुळखुळवला. "सांग आजी, काय आहे?"

मला काहीच ऐकू आलं नाही. दारात लेक उभी होती, माझ्याकडेच बघत.

"थांब पोरी, माले इचार करू दे."

जुईनं डबा पुन्हा हलवला, आणि झाकण बोटभर सरकलं. खमंग वास आला.

"गूळ-शेंगदाणे!"

"आजी जिंकली!" ओम उड्या मारत सुटला. लेक हसत आत गेली.

झाकण चुकून सरकलं आणि मी वाचले, असंच मी कितीतरी दिवस धरून चालले होते. पण त्या संध्याकाळनंतर जुईनं मला कधी पाठीमागून हाक मारली नाही. आता माझ्या कानात मशीन आहे, तरी ती आधी समोर येते, हात धरते आणि मगच बोलते.