तलावातला आमचा खड्डा

बायांनो, घाईघाईत मोबाईलवर लिहून राहिली, चुकलं तर समजून घ्या.

माही नात पल्लवी पाण्याचं शास्त्र शिकते. आज तिचे सोबती आमच्या तलावावर आले. एक मासोळ्यावाला, एक मातीवाली, एक लोकाईले सवाल विचारनारी. पल्लवी खोली मोजत पिंपळाच्या बाजूनं पाण्यात शिरली.

मी काठावरच उभी होती. ब्याऐंशी साली घराच्या भिती लिंपाले आमी बायाईनं तिथूनच माती खोदून नेली होती.

"पल्लवे, थांब. तिथं खड्डा हाय."

"आजी, नकाशात इथं कमरेएवढंच पाणी आहे."

"माती नकाशानं खोदली होती का वं?"

तिनं हातातला बांबू पुढं टेकवला. सारा बांबू आत गेला.

ती बाहेर आली आन् तिनं वहीत लिहिलं, 'खड्डा दाखवणारी: आजी'.

तुमच्या तलावातले खड्डे तुमी कोनाले सांगून ठेवले का?