दोन फुटांवरची कडी

लातूरच्या एका कॉलेजात रेवणसिद्ध सर बारावीला बायफोकलचा, म्हणजे हातानं काम करून शिकायचा, मेकॅनिकल विषय शिकवत. शिकवत म्हणजे, शिकायला कुणी आलं तर. पोरं हा विषय घेत ती मार्कांसाठी. प्रॅक्टिकलचे मार्क हमखास पदरात पडत आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला कामी येत. बाकी सगळ्यांचा जीव क्लासच्या फिजिक्समध्ये अडकलेला. वर्कशॉपमध्ये कानस कुठे ठेवलीय, हे एखाद्यालाच माहीत असायचं.

प्रत्येकानं एक वस्तू स्वतः आखून, बनवून परीक्षेला मांडायची असा नियम होता. त्यावरही पोरांनी तोडगा काढला होता. पहिल्या बॅचनं मन लावून केलेल्या दहा-बारा वस्तू सरांच्या कपाटात होत्या. दरवर्षी त्यांना नवा रंग फासायचा, नवं नाव चिकटवायचं, की झालं. शेंगा फोडायच्या एका यंत्रावर तर रंगाचे इतके थर चढले होते, की ते आता फिरतही नव्हतं. सरांना याची लाज वाटे, नाही असं नाही. पण पोरांचं नुकसान कशाला, म्हणून ब्रश तेच आणून देत.

शहाण्णवच्या बॅचला महानंदा होती, किल्लारीकडची. भूकंपाला अडीच वर्षं होत आली तरी तिचे आईवडील पत्र्याच्या शेडमध्येच राहत होते. ही शिकायला मावशीकडे. तिनं कपाटाकडे ढुंकूनही बघितलं नाही. दाराची कडी बनवणार म्हणाली. सर मनातून हरखले.

पण आराखडा बघतात तर कडी जमिनीपासून दोन फुटांवर. सरांनी लाल पेननं गोल करून वर चार फूट लिहिलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा दोन फूट. असं तीनदा झालं. पोरगी गुणाची पण हट्टी, असं सरांनी ठरवून टाकलं. कडी मात्र सुरेख झाली होती. एका बोटानं सरकायची, चौकट तिरकी झाली तरी अडायची नाही.

परीक्षेच्या सकाळी सरांचा धीर सुटला. बाहेरगावचे परीक्षक ही चूक बघून मार्क कापणार आणि दोन-चार मार्कांनी पोरीचा प्रवेश हुकणार. तिला न विचारता त्यांनी आराखड्यासकट कडी कपाटात टाकली आणि तिच्या नावाची चिठ्ठी शेंगांच्या यंत्रावर लावली. परीक्षकांनी ते फिरवून बघायचे कष्ट घेतले नाहीत. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस दिले आणि चहा मागवला.

सगळे गेल्यावर महानंदा कपाटापाशी येऊन उभी राहिली. तुझ्याच भल्यासाठी केलं, असं सरांनी समजावलं. एवढ्या खाली लावलेली कडी कुणाच्या कामाची, असंही विचारलं.

"धाकट्याच्या," ती म्हणाली. "चार वर्षांचा व्हता. भूकंपात वरचं माळवद पडलं, मी त्याच्या लाकडाखाली अडकले व्हते. तो दारापशी गेला, सर. मला दिसत व्हता. हात पुरला न्हाई त्याचा."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी कडी काढून तिच्यापुढे धरली आणि चुकलं म्हणाले. तिनं ती घेतली नाही.

"घरी लहान कुणी न्हाई आता. इथंच लावा."

महानंदाला प्रवेश मिळाला. कपाटातल्या वस्तू त्याच उन्हाळ्यात भंगारात गेल्या, आणि कडी वर्कशॉपच्या दाराला लागली. दरवर्षी नवी पोरं वाकावं लागतं म्हणून कुरकुरतात. पहिल्याच तासाला सर त्यांच्या हातात टेप देतात, कडीची उंची मोजायला लावतात, आणि मग ती कुणाच्या हाताला पुरेल ते सांगतात.