वरातीतल्या उंटाचं रक्त

लातूरहून नोकरीसाठी मी उरवड्याच्या एका छोट्या प्रयोगशाळेत आलो, तेव्हा आमच्या मॅडम विंचवाच्या विषावर औषध शोधत होत्या. उंटाच्या रक्तात नेहमीच्यापेक्षा खूप लहान, सुटसुटीत प्रतिपिंडं, म्हणजे शरीरात शिरलेल्या विषाला चिकटून ते निकामी करणारी प्रथिनं, असतात. त्यातला विषाला चिकटणारा तेवढाच तुकडा घ्यायचा, त्यात हवे ते बदल करायचे आणि जिवाणूंकडून तो तयार करून घ्यायचा, असा बेत होता. म्हणजे आधी उंट हवा.

मुळशी धरणावर रविवारी लोकांना फिरवणारा एक उंटवाला मला सापडला. परवानग्या झाल्या. रक्तात विषाविरुद्ध प्रतिपिंडं तयार व्हावीत म्हणून निरुपद्रवी केलेलं विष आम्ही सहा आठवडे उंटाला टोचलं. मग रक्त काढायचा दिवस ठरला. तो चुकवून चालणार नव्हतं, उशीर झाला तर प्रतिपिंडं कमी होत जातात. मी धरणावर पोचलो तर उंट गायब!

"त्यो लवळ्याला गेलाय," भजीवाली म्हणाली. "लगनाला."

जनावरांचे डॉक्टर, मी आणि बर्फाची पेटी, असे रिक्षाने लवळ्यात शिरलो. बँडच्या मागे उंट, उंटावर बाशिंग बांधलेला नवरदेव. मी हात जोडले. "पाचच मिनिटं उतरता का? उंटाचं रक्त घ्यायचंय."

नवरदेवाचा मामा आडवा आला. "मांडवापातुर त्येचा पाय भुईला लागायचा न्हाई. आन् रगत कशापायी? रोग हाय का काय उंटाला?"

"रोग नाही हो. विंचवाचं औषध करायचंय."

"विंचवाचं औषध उंटात?" मामाने जरा विचार केला. "घ्या मग. पर नवरदेव वरच ऱ्हाईल."

उंटवाल्याने भर रस्त्यात उंट बसवला. डॉक्टर मानेची शीर चाचपू लागले. बँडवाल्यांना थांबा म्हटलं, तर त्यांनी फक्त चाल संथ केली.

"झालं का? मला गरगरतंय," वरून नवरदेव म्हणाला.

एका करवलीने रक्ताच्या नळीला हळदकुंकू लावलं. वऱ्हाडी हसत होते. मी मात्र नळी दोन्ही हातांनी धरून बर्फाच्या पेटीत ठेवली. नळी फुटली असती तर दीड महिना पाण्यात.

नोंदवहीत नमुन्याच्या ठिकाणापुढे मी 'लवळे, वरात' असं लिहिलं. मॅडमनी 'वरात' खोडलं.

त्या रक्तातून त्यांना विषाला घट्ट धरणारे तीन तुकडे मिळाले. विष दिलेले उंदीर त्या तुकड्यांनी वाचले, तेव्हा मॅडम पिंजऱ्यापुढे बसून रडल्या. पुढे निधी संपला आणि प्रकल्पच बंद पडला. औषध माणसांपर्यंत पोचलं नाही.