ज्या बॉनेटला काही चिकटत नव्हतं

घुग्घुसमध्ये काळ्या रंगाची गाडी घेऊ नये, असं मला एकूण एक माणसानं सांगितलं होतं, म्हणून मी काळीच घेतली. माझा हिशेब सरळ होता. गावात कोळशाची धूळ. कोळसा काळा, गाडी काळी. बसली धूळ तरी दिसणार कोणाला? पण गावात सिमेंटचाही कारखाना आहे आणि सिमेंट काळं नसतं, हे मी हिशेबात धरलं नाही. (मी शाळेत गणित शिकवतो. हे कृपया पालकांना सांगू नये.) तिसऱ्याच दिवशी माझी गाडी पिठाच्या गिरणीतून बाहेर पडलेल्या माणसासारखी दिसायला लागली.

एरवी मी सोसलंही असतं. पण मे महिन्यात माझ्या भाचीचं, रोशनीचं लग्न होतं. लग्न मुलाकडे, दूर जंगलातल्या आलापल्लीला. म्हणजे नवरीला इथून गाडीत बसवून न्यायचं. कोणाच्या गाडीत? मामाच्या. इथपर्यंत कोणाला शंका नव्हती. मग रोशनीच्या मोठ्या काकांनी, शंकरभाऊंनी, एक पांढरीशुभ्र उंच गाडी घेतली आणि माझी धाकटी बहीण, रोशनीची आई सुनंदा, ‘पाहू’ म्हणायला लागली. ज्या पोरीला मी सायकलच्या दांडीवर बसवून बालवाडीत नेलं, तिला सासरी कोण नेणार? तर शंकरभाऊ, जे तिला अजून ‘रोहिणी’ म्हणतात! मला ते सहन होईना, आणि खरं सांगायचं तर अजूनही होत नाही.

म्हणून मी चंद्रपूरच्या, गाडीच्या रंगावर चकचकीत थर चढवून देणाऱ्या एका कोटिंगवाल्याकडे गेलो. त्यानं मला एक काळी गाडी दाखवली. तिच्यात मला माझा चेहरा दिसला, इतका स्वच्छ की दाढी करताना राहून गेलेले केससुद्धा दिसले. मग त्यानं बॉनेटवर मगभर पाणी ओतलं. पाण्याचे मोती झाले आणि घरंगळून खाली गेले. बॉनेट कोरडं.

“सर, सिरॅमिक आहे,” तो म्हणाला. “याले काहीच चिकटत नाई.”

हे वाक्य मी घरी घेऊन आलो, हीच माझी चूक.

कोटिंग करून गाडी आली ती नियम घेऊन आली. पहिले सात दिवस पाण्याचा थेंब नको. नंतर धुवायची ती सावलीत, खास शॅम्पूनं. कोरड्या फडक्यानं धूळ पुसायची नाही, चरे पडतात. बादल्या दोन: एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी, म्हणजे फडक्याला लागलेली माती पुन्हा रंगावर घासली जात नाही. मी दोन निळ्या बादल्या आणल्या, त्यांवर ‘गाडी’ असं लिहिलं आणि घरात जाहीर केलं की या बादल्यांना कोणी हात लावायचा नाही. माझी बायको वंदना म्हणाली, “आमच्या न्हाणीतली बादली फुटून चार महिने झाले, थे दिसली नाई तुमाले.” मी दुर्लक्ष केलं. सात दिवस मी गाडीवर असा पहारा दिला की गल्लीतल्या लोकांनी अंगणात कोणी आजारी आहे का म्हणून विचारलं.

आठव्या दिवशी मी प्रयोग सुरू केले. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायचं, पाणी ओतायचं, मोती दाखवायचे. पाण्यानं लोक फारसे चकित होईनात, तेव्हा मी चिखल लावून दाखवला. मग दूध. माझी आई ओसरीत बसून हे सगळं पाहत होती. आई पंच्याहत्तरीची आहे, डोळ्यांनी थोडी कमी आणि डोक्यानं भरपूर.

“पान्याचं जाऊ दे,” ती म्हणाली. “वरन चिकटते का?”

मी आत गेलो, पळीभर घट्ट वरण आणलं आणि भर उन्हात बॉनेटवर ओतलं. मी. स्वतः. कोणी जबरदस्ती केली नव्हती. पाच मिनिटांनी त्याच्यावर पाणी सोडलं, वरण सरळ खाली.

“पाह्य माय,” मी छाती फुगवून म्हणालो, “चिकटलं का?”

“नाई चिकटलं बाप्पा,” आई म्हणाली आणि बराच वेळ बॉनेटकडे बघत राहिली. तिला पोराचं कौतुक वाटतंय, अशी माझी समजूत झाली.

आता आईची अडचण सांगतो, म्हणजे मी तिची बाजू मांडली नाही असं व्हायला नको. रोशनीच्या रुखवतात लाखोळीच्या डाळीच्या वड्या आईनं करायच्या, हे ठरलेलं. रुखवत म्हणजे नवरीकडच्या बायकांची परीक्षा. मांडवात सगळं मांडून ठेवतात आणि नवरदेवाकडच्या बायका एकेक ताट उचलून बघतात. वड्या जुन्या लुगड्यावर घालायच्या, वाळल्या की सोडवायच्या, आणि सोडवताना निम्म्या तुटायच्या. मोठ्या नातीच्या लग्नात वड्यांचा चुरा झाला होता आणि तिकडची एक बाई “भुगा बी चांगला लागते” असं म्हणाली होती. आईनं ते सहा वर्षं मनात ठेवलं होतं.

लग्नाला तीन दिवस उरले असताना मी आणि वंदना आहेराच्या खरेदीला चंद्रपूरला गेलो. मोटारसायकलवर. बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात, कोळशाच्या ट्रकांमागून, तोंडाला दुपट्टे बांधून, कारण गाडीला धूळ लागली असती. परत आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. वंदना फाटकातच थांबली.

“अवो, गाडीवर काय आहे थे?”

मी चष्मा पुसला. माझ्या काळ्याभोर बॉनेटवर पिवळे पिवळे ठिपके होते. पहिल्यांदा मला वाटलं, पक्षी. मग दिसलं की ठिपके सरळ रेषेत आहेत, बारा-बाराच्या ओळीत, दोन ठिपक्यांमध्ये दोन बोटं अंतर ठेवून. पक्ष्यांना एवढी शिस्त नसते.

शेजारी खुर्ची टाकून, हातात कावळे हाकलायची काडी घेऊन आई बसली होती. गाडीचं कव्हर अंगणात पसरलेलं होतं आणि त्यावर ज्वारीचे पापड होते. ‘गाडी’ लिहिलेल्या एका बादलीत उरलेली वाटलेली डाळ होती.

“माय, हे काय करून राह्यली तू?” माझा आवाज आपोआप वर गेला.

“वड्या,” आई म्हणाली. “दिसत नाई का?”

“गाडीवर?”

“तूच तं म्हनलं काही चिकटत नाई. वरन वतून दाखवलं. डाळ म्हनजे डाळ, पातळ काय अन् घट्ट काय. अन् कसा मस्त तापते हा पत्रा, तीन दिवसाचं वाळवन दोन दिवसात होते. सकाळपासून बसून राखन करून राह्यली तुया गाडीची. एक कावळा नाई बसू देल्ला.”

मी ताडकन पुढं झालो, तर तिनं काडी माझ्याच हातावर मारली.

“हात नको लावू. आतून वल्या आहेत. उद्याचं ऊन पाह्यजे.”

मी न्यायासाठी वंदनाकडे पाहिलं. वंदना वाकून एक वडी निरखत होती. “आई, किती गोल आल्या व,” ती म्हणाली. या घरात माझ्या बाजूनं कोणी नाही, हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे, पण त्या दिवशी ते फारच लागलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आई पापडांकडे गेली आणि वड्यांची राखण माझ्याकडे आली. मी, पंचवीस वर्षं शाळेत शिस्त लावणारा माणूस, डोक्याला दुपट्टा बांधून, हातात काडी घेऊन, स्वतःच्या गाडीवरचे कावळे हाकलत बसलो. नेमके तेव्हाच शंकरभाऊ उरलेल्या पत्रिकांच्या कामाला आले. त्यांनी आपली पांढरी गाडी माझ्या फाटकासमोर अशी उभी केली की तिची सावली माझ्या गाडीवर पडावी.

“काय गुरुजी,” ते म्हणाले, “इतका खर्च करून कोटिंग केलं थे याच्यासाठी काय?”

“सावली काढा,” मी म्हणालो. “वड्या वाळून राह्यल्या.”

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, ते मला अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी आईनं वड्या काढल्या. काढल्या म्हणजे काय, नुसतं नख लावलं की वडी टुणकन हातात. एकही तुटली नाही. बुड काचेसारखं गुळगुळीत. आई एकेक वडी डब्यात ठेवत होती आणि तिचा चेहरा असा झाला होता की मला रागसुद्धा धड येईना. कोटिंगवाला खोटं बोलला नव्हता. त्याच्या कोटिंगला खरोखरच काही चिकटलं नव्हतं.

फक्त प्रत्येक वडीच्या जागी एक पांढुरका गोल डाग राहिला होता.

मी पाणी मारलं. शॅम्पू लावला. (बादली आधी तीनदा घासून.) डाग जसेच्या तसे. मी कोटिंगवाल्याला फोटो पाठवला आणि फोन केला.

“सर, पान्याचे डाग असे पडतात, उन्हात वाळले तं,” तो म्हणाला. “पन इतके गोल कसे?”

“डाळीचे आहेत.”

त्यानं फोटो पुन्हा उघडून पाहिला. मग म्हणाला, “कसचे?”

मी सगळं सांगितलं. वॉरंटीचा कागद माझ्या हातातच होता. त्यात पक्ष्यांची घाण होती, झाडाचा चीक होता, डांबर होतं, किडे होते. वड्या नव्हत्या. “म्हणजे वड्यांना मनाई नाही,” मी म्हणालो. “नाई सर,” तो म्हणाला, “पन वॉरंटी बी नाई.” पॉलिश मारून बॉनेटचं कोटिंग काढावं लागेल, मग नवीन करावं लागेल, गाडी तीन दिवस ठेवा. लग्न परवावर आलं होतं.

सुनंदा आली, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “दादा, रोशनीले शंकरभाऊच्याच गाडीत नेऊ म्हनते. फोटो निघतात नं.” मी “बरं” म्हणालो. मला फार वाईट वाटलं. सायकलची दांडी आठवली, आणि मी उगाच पाणी प्यायला आत गेलो.

तर असं ते वऱ्हाड निघालं. पुढं पांढऱ्या गाडीत नवरी. मागं माझ्या गाडीत आई, वंदना, पापड, कुरड्या आणि आईच्या मांडीवरच्या डब्यात वड्यांचा संसार. वाटेत चहाला थांबलो तेव्हा शंकरभाऊ माझ्या बॉनेटकडे बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “जंगलात जाऊन राह्यलो म्हून गुरुजींनी गाडीचं चितळ करून आनलं.” सगळे हसले. रोशनीसुद्धा हसली. मग खिडकीतून हात काढून माझी बाही ओढत म्हणाली, “मामा, मले तुमच्याच गाडीत बसाचं होतं.” तेवढ्यावर मी आलापल्लीपर्यंत गाडी चालवली.

मांडवात रुखवत मांडलं गेलं. नवरदेवाकडच्या बायका आल्या. त्यांत नवरदेवाची आत्या होती, उंच, गंभीर, कोणाचं कौतुक करायची सवय नसलेली. तिनं एक वडी उचलली, उलटी केली, बुडावरून अंगठा फिरवला. माझी आई ताटाच्या आणखी जवळ सरकली.

“बाई, एक नाई तुटली,” आत्या म्हणाली. “अन् बूड कसं आरशासारखं. कायच्यावर वाळवल्या?”

“आमच्या पोराच्या गाडीवर,” आई म्हणाली. तिनं इतक्या अभिमानानं माझ्याकडे बोट मी मास्तर झालो तेव्हाही दाखवलं नव्हतं.

पाच मिनिटांत माझ्या गाडीभोवती बायकांची गर्दी झाली. पांढऱ्या गाडीकडे कुत्रंसुद्धा फिरकेना. आत्यानं बॉनेटवरून हात फिरवला, डागांच्या ओळी पाहिल्या आणि म्हणाली, “भाऊ, टपावर काऊन नाई घातल्या? टपावर जागा जास्त आहे.” शंकरभाऊ दूर उभे राहून हे ऐकत होते. मी त्यांच्याकडे मुद्दाम पाहिलं. सूड म्हणावा तर तो एवढाच.

लग्नानंतर मी गाडी पुन्हा कोटिंगला टाकली. या वेळी मी सक्त ताकीद देणार होतो, पण कोटिंगवालाच आधी म्हणाला, “सर, बॉनेटले आन् टपाले दोन-दोन थर देल्ले. आजीचा फोन आलता.”

त्याला दोन वर्षं झाली. आता दर रविवारी सकाळी मी सावलीत गाडी धुतो, दोन बादल्या, मऊ फडकं, वरून खाली, एका दिशेनं. शंकरभाऊ येता-जाता म्हणतात, गाडी जपावी तर गुरुजींनी. मी फडकं पिळतो. त्यांच्याच बायकोनं यंदा वड्यांसाठी टपावरची जागा सांगून ठेवली आहे. गाडी पुसून झाली की आई ओसरीतून उतरते, बॉनेटवरून सावकाश बोट फिरवते आणि बोटाला बोट घासून बघते.

“कचकच लागून राह्यली,” ती म्हणते. “आखीन एकदा धू. मांगच्या साली एका वडीत खडा निंगाला होता.”

मी आणखी एकदा धुतो.