दुकानातला टेप आणि माझी नडगी

गुडघ्याखालच्या हाडातली माझी गाठ साधी आहे, म्हणजे कॅन्सरची नाही. दोनदा खरवडून काढली, दोन्हीदा परत आली. "साधी आहे" म्हणताना डॉक्टरांचा चेहरा सैल होतो, माझा होत नाही. जी जीव घेत नाही आणि पिच्छाही सोडत नाही, तिच्याशी वागायचं कसं? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. ठरवलं, घाबरायचं नाही, मोजायचं.

दाजीबानपेठेत आमचं कापडाचं दुकान. तिथला एक कापडी टेप घरी आणला आणि रोज आंघोळीनंतर गुडघ्याखाली गुंडाळू लागले. हाताला फुगलेलं लागायचं, पण आकडा वाढेना. पुढे तर किंचित कमीच भरू लागला. मी आकड्यावर विश्वास ठेवला आणि दवाखाना पुढे ढकलला.

एकदा वडिलांनी, अप्पांनी, बघितलं.

"हा टेप कुठनं आणलास गं?"

"दुकानात मागच्या खिळ्यावर होता."

"अगं, ताणून ढिला झालाय म्हणून खिळ्याला लावलाय! त्याच्या मापाचा शर्ट गिऱ्हाइकाच्या पोटावर बसंना. पदवी घेतलीस, आधी मीटरपट्टीला लावून बघितला न्हाईस?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "म्हणजे गाठ कमी झाली न्हाई, टेप वाढला म्हणा."

मी हसले, आणि हसतानाच लक्षात आलं. रोज सकाळी हवा तो आकडा येईपर्यंत मी टेप ओढत होते. आधीच ढिला, तो मीच आणखी ताणला होता. शिकलेल्या माणसाची भीती अशीही असते तर!

दुसऱ्या दिवशी अप्पा दुकान आईवर टाकून माझ्यासोबत धारवाडच्या दवाखान्यात आले. एक्स-रेत, मागच्या ऑपरेशनात हाडाच्या पोकळीत सिमेंट भरलेल्या जागेच्या काठाला, साबणाच्या फेसासारखं काहीतरी दिसलं. डॉक्टर हळूच म्हणाले, "परत आलीय. पण साधीच."

"जुने फोटो शेजारी लावा," मी म्हटलं. "यावेळी कुठनं सुरू झाली ते बघायचंय."

त्यांनी पडद्यावर लावले. फेस वर सरकत होता, सांध्याकडे.

"सांधा वाचेल?"

"आत्ता काढली तर वाचेल."

एरवी बाहेर बाकावर बसून राहणारे अप्पा यावेळी आत थांबले होते. चष्मा पुसत पडद्याजवळ आले. "जरा सरक," म्हणाले, "मलाबी बघू दे."

मी सरकले. मग डॉक्टरांना म्हटलं, "आत्ताच काढू."