नसांच्या सुजेवरचं औषध

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. जळगाव जामोद ते खामगाव या रस्त्यावर त्यांची सगळी नोकरी गेली. तिथल्या प्रत्येक थांब्यावर त्यांना ओळखणारं कोणी ना कोणी भेटतंच. त्यातून त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरीही मी जे बोलायचं ते बोलले.

मी हैदराबादला संशोधन करते. लोक डॉक्टर म्हणतात, पण मी माणसं तपासणारी डॉक्टर नाही. नसांना सूज येते तेव्हा मज्जारज्जूतल्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात. त्यातला एखादा निरोप वाटेतच अडवता येतो का, हे मी उंदरांवर बघते. अजून ते धड जमलेलंही नाही.

बाबा रविवारी फोन करायचे आणि विचारायचे, "काय चालू हाये तुहं तिकडं?" मी टाळायचे. त्यांना समजणार नाही, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. एकदा कामाची घाई होती, त्यांनी पुन्हा तेच विचारलं आणि मी वैतागून म्हणाले, "बाबा, नसांच्या सुजेवर औषध काढलंय असं समजा."

त्यांनी तसंच समजून घेतलं.

गेल्या महिन्यात चुलत बहिणीच्या लग्नाला जळगाव जामोदला गेले. पंगतीतून उठून हात धुते तोच बाबा एका जोडप्याला घेऊन आले. काकांना मी लहानपणापासून ओळखते, ते बाबांच्या गाडीवर ड्रायव्हर होते. काकू त्यांचा दंड धरून पाय ओढत चालत होत्या. बाबांचा चेहरा नवरदेवाच्या बापापेक्षा जास्त फुललेला.

"पोरी, तुहीच वाट पाहून राह्यलो," काका म्हणाले. "हिच्या नसा सुजल्या म्हणते अकोल्याचे डॉक्टर. तुह्या बाबानं सांगतलं, तुनं औषध काढलं. आणलं असशीन ना?"

मी कसंनुसं हसले. "अजून काम चालू आहे, काका," असं काहीतरी गुळमुळीत बोलले. खरं सांगितलं तर चार पाहुण्यांत बाबांचं हसं होईल, असं मी स्वतःला पटवलं. माझंही होईल, हे खरं कारण होतं.

"म्या तं गोळ्या बंदच केल्या, माय," काकू म्हणाल्या. "आठवडा झाला. त्या गोळ्यायनं पाह्य ना, तोंड कसं फुगलं. म्हटलं आता पोरगी नवं औषध घेऊन येऊनच राह्यली."

मी लगेच गोळ्या कोणत्या ते विचारलं. वर्षभर रोज घेतलेल्या स्टेरॉइडच्या. त्या हळूहळू कमी करायच्या असतात; एकदम सोडल्या तर जिवावर बेतू शकतं.

"चक्कर येते का, काकू?"

"हाव. सकाळी उलटी बी झाली."

मी काकांच्या मोबाइलवरून अकोल्याच्या डॉक्टरांना फोन लावला. आधी तिथल्याच दवाखान्यात न्या, आत्ताच, वेळ घालवू नका, असं ते म्हणाले. वरपक्षाची एक गाडी मिळाली. काकूंना आत बसवताना त्यांनी माझा हात धरला. "मंग तुहं औषध?"

"माझ्याकडे औषध नाही, काकू. मी फक्त उंदरांवर काम करते."

"उंदीर तं बरे झाले ना?"

"काही झाले."

बरे झालेले उंदीरही आम्ही मारतो, कारण मज्जारज्जूचा काप घेतल्याशिवाय ते कशानं बरे झाले हे कळत नाही. हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार होते?

काका बाबांकडे वळले. त्यांचा आवाज चढला. "भाऊ, तू तं म्हने औषध तयार हाये! हिचं काही कमीजास्त झालं असतं म्हंजे?" मांडवातली माणसं गोळा झाली. बाबांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी काकांपुढे हात जोडले.

"माहीच चूक झाली गड्या. पोरीनं तसं नव्हतं सांगतलं. मले काय समजते त्यातलं? म्याच वाढवून सांगत सुटलो."

बाबांनी एक अक्षरही वाढवलं नव्हतं. मी फोनवर सांगितलेलं त्यांनी जसंच्या तसं सांगितलं होतं, अभिमानानं. चार माणसांत ते माझी चूक स्वतःच्या अंगावर घेत होते आणि मी गाडीच्या दाराला धरून उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं, आणि ऐकायला सगळे जमलेलेच होते.

काकूंच्या पायातली चप्पल निसटून खाली पडली होती. मी वाकून ती त्यांच्या पायात घालू लागले. मान खाली घालायला तेवढं निमित्त मला पुरलं.