पाटलांच्या ओसरीवर चौघांचं गाणं

आमच्या कुटुंबाने अमेरिकन गाणं जाहीरपणे एकदाच गायलं, आणि तेही तापीपलीकडच्या जैनाबादला, पाटलांच्या ओसरीवर, पोहे यायच्या आधी.

याला जबाबदार वसंताकाका. माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ, शाळामास्तर, वय एकतीस, लग्न नाही. भुसावळचा एक अँग्लो-इंडियन रेल्वे गार्ड कायमचा ऑस्ट्रेलियाला निघाला, तेव्हा काकाने त्याच्याकडून रेकॉर्ड प्लेअर आणि खोकंभर तबकड्या आणल्या. नामवंतांच्या तबकड्या गार्डने सोबत नेल्या होत्या. उरल्या होत्या त्या, ज्यांचं नाव त्यांच्या गल्लीबाहेर कुणी ऐकलं नसेल अशा गाणाऱ्या चौकड्यांच्या. प्रत्येक कव्हरवर चार काळे तरुण, एकाच ताग्यातून शिवल्यासारखे कोट, आणि चौघांच्या माना एकाच बाजूला कललेल्या.

"अमेरिकेत आत्ता कुठे काळ्या-गोऱ्या पोरांना एका बाकावर बसवायला लागलेत," काका सांगायचा. "आणि गाणं पाहा. एक जण पुढे उभा राहून रडतो, तिघं मागून समजूत घालतात. आपल्याकडे एक रडला की तिघं सल्ले देतात."

"पण चौघं चार वेगळे सूर लावून राहिले," बाबा म्हणाले. (बाबा आमच्या राजपुऱ्याच्या भजनी मंडळातले जुने गडी.) "कोणी शिकवणारा भेटला नाही वाटतं बिचाऱ्यांना."

अशात जैनाबादच्या केळीवाल्या पाटलांच्या कुसुमचं स्थळ आलं. काकाने तिला एकदा शाळांच्या स्नेहसंमेलनात पाहिलं होतं आणि तेव्हापासून तो वर्गात हजेरी दोनदा घेत होता. पण मुलीची अट होती. पाच मुलं येऊन तिचं गाणं ऐकून गेली होती, पाचही ठिकाणांहून नकार. आता सहाव्याने आधी स्वतःच्या घरच्यांसकट गायचं, मग ती पोहे घेऊन बाहेर येणार.

"हे काय नवीन?" बाबा चिडले.

"दादा, हे स्थळ गेलं तर मी दुसरं बघणार नाही," काका म्हणाला. बाबा गप्प झाले. घरातला मोठा माणूस गप्प झाला की आमच्याकडे तो होकार धरतात.

काकाने वाटणी केली. पुढे उभं राहून रडणं त्याच्याकडे. मधलं 'ऊ-ऊ' बाबांकडे. तबकडीवर एक पुरुष बायकी आवाजात वरचा सूर लावायचा, तो आईने मागून घेतला ("पुरुष माणूस बाईसारखा गाणार आणि मी काय पोळ्या लाटू?"). मी तेव्हा कॉलेजात होतो, आवाज नुकताच फुटून स्थिर झाला होता. माझ्याकडे तळातलं 'डुम-डुम' आलं.

अडचण एकच होती, बाबा. भजनी मंडळात पंचवीस वर्षांची सवय अशी की पुढच्याने ओळ घेतली की मागच्यांनी तीच उचलायची. दुसऱ्या ओळीला बाबा काकाच्या चालीवर, तिसऱ्या ओळीला आई बाबांच्या मागे, आणि चौथीला सगळे मिळून आरती! तीन दिवस हेच. शेवटी काकाने गादीतला कापूस उपसला आणि आम्हा तिघांच्या कानांत बोळे घातले. "कोणी कोणाचं ऐकायचं नाही. माझे ओठ बघा आणि आपापलं गा." मला तर त्याने डोळेही मिटायला सांगितले, कारण ओठ बघून मला हसू यायचं.

ठरल्या दिवशी आमच्या राजघाटावरून नावेने तापी ओलांडली. गळा जपायचा म्हणून काकाने सकाळपासून मौन धरलं होतं. आईने त्याला ज्येष्ठमध दिला, बाबांनी लवंग, मी मिरे. प्रत्येकाने दुसऱ्याला न सांगता दोनदोनदा.

ओसरीवर पाटील, पाटलीणबाई आणि दहाबारा भाऊबंद बसले होते. काका एक पाऊल पुढे, ओठ दिसतील असा तिरका; आम्ही तिघं मागे एका ओळीत उभे राहिलो, मान कलवली, बोळे घातले. काकाने हात पसरून तोंड उघडलं.

आतून नुसती हवा आली. मिऱ्या-लवंगांनी आवाज कधीच बसून गेला होता, आणि मौनामुळे हे त्याच्यासकट कुणालाच माहीत नव्हतं. आम्हाला ते ऐकू येणंही शक्य नव्हतं. ओठ हलताहेत ना, मग झालं! मी डोळे मिटले आणि आम्ही सुरू केलं.

म्हणजे जैनाबादच्या लोकांना ऐकू आलं ते असं: बाबा 'ऊ-ऊ', आई 'ई-ई', मी 'डुम-डुम', आणि पुढे नवरामुलगा घामाघूम होऊन हवेत हात मारतोय.

"काय करून राहिले हे लोक?" पाटलांनी विचारलं. (हे सगळं मला नंतर ऐकणाऱ्यांकडून कळलं.)

"मुलगा मुका आहे का जी?" एक भाऊबंद म्हणाला.

पाटील पुढे वाकून बाबांना म्हणाले, "बसा आता, पाणी घ्या." बाबांना वाटलं दाद मिळाली. त्यांनी आवाज वाढवला.

काकाच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. तो मागे वळून पळणार, एवढ्यात कुसुम ताट घेऊन बाहेर आली. तिने ते खाली ठेवलं, काकाच्या शेजारी उभी राहिली आणि पाच मुलांपुढे म्हटलेलं तिचं नेहमीचं गाणं तिने आमच्या 'ऊ-ऊ'वर सुरू केलं. आई म्हणते, ते चक्क बसलं! तिला गाताना पाहून आईने बोळे काढले, बाबांनी काढले, आणि बाबांनी लगेच तिची चाल उचलली, पण तोवर गाणं संपलं होतं.

"यांना एरवी बोलता येतं ना?" कुसुमने विचारलं.

"येतं की! आजच आवाज बसलाय," आई म्हणाली.

"मग," ती पाटलांकडे वळली, "मला पसंत आहे. पाच जण माझी परीक्षा घेऊन गेले. हा आधी स्वतःची फजिती करून घ्यायला उभा राहिला."

पाटलांनी काकाला पेढा भरवला. काकाने तो रडतच खाल्ला, आणि कोणीही त्याला सल्ला दिला नाही.

हे सगळं होईस्तोवर मी डोळे मिटून भिंतीशी एकटाच 'डुम-डुम' करत होतो. दम लागला म्हणून थांबलो, डोळे उघडले, बोळे काढले. ओसरीवर सगळे माझ्याकडे बघत पोहे खात होते. पाटलीणबाई हळूच आईला विचारत होत्या, "आणि हा मुलगा? जन्मापासूनच असा आहे का?"

आईने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा जमलेल्या सोयरिकीकडे पाहिलं, आणि म्हणाली, "हो, पण कोणाला त्रास देत नाही."